दुधीचा रस चाखायचा नाही

आण्णांच्या उलटीत लाल दिसलं तेव्हा आई म्हणाली, "बीट असंल. बीटच हाय त्ये." बीट आमच्या घरात पंधरा दिवसांत आलं नव्हतं. हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं आणि मोरीच्या कठड्याला धरून वाकलेल्या आण्णांनाही माहीत होतं, कारण बीट आणायचं की गाजर हे घरात तेच ठरवायचे. मी पाण्याचा तांब्या घेऊन नुसती उभी. तिकडे ओसरीवर वहिनी भिंतीला टेकून बसली होती. पाचवा महिना, दोन्ही हात पोटावर, ओठ पांढरेफटक, पुढ्यात घमेलं. तिचं दोनदा ओकून झालं होतं. तिसऱ्यांदा ओकली तेव्हा मी घमेल्यात पाहिलं, तिथेही लाल. तिनेही पाहिलं. मग मान वर करून मला म्हणाली, "वन्सं, पोराला काय हुईल का वो?" मी म्हणाले, "काय न्हाई हुत." मला काय ठाऊक होतं पोराचं? मी पंधरा वर्षांची होते. मला एवढंच ठाऊक होतं की तो रस कडू होता, आणि ते मला दोघांनी पेला तोंडाला लावायच्या आधीपासून ठाऊक होतं.

आमचं घर कोल्हारला, मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, प्रवरेच्या अंगाला. पाण्याची ददात नव्हती. ऊस होता, कांदा होता, दोन म्हशी होत्या. उसाच्या गावात माणसाला साखरेचा आजार व्हावा ही देवाचीच थट्टा म्हणायची, पण आण्णांना तो झाला. डॉक्टरने भात बंद करा, गूळ बंद करा असं सांगितलं, तेवढंच असतं तर आईने ते गुपचूप केलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. पण आण्णा एकदा नगरला बाजारसमितीत कांदा घालायला गेले आणि तिथे कुठल्याशा सभागृहात निसर्गोपचारावर कोणाचं तरी भाषण ऐकून आले. येताना एक पातळ पुस्तक आणलं. आमच्या घरात तोवर पंचांग सोडलं तर पुस्तक नव्हतं. ते पुस्तक आण्णांनी असं धरलं की जणू प्रत्यक्ष देवानेच हातात दिलंय. पंधरा दिवसांनी पुन्हा नगरला गेले आणि मिक्सर घेऊन आले. एस्टीत सगळा रस्ता खोकं मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरने वर टपावर टाका म्हटलं तर त्याच्याशी भांडले.

घरात प्लग एकच होता, बाहेरच्या खोलीत, रेडिओचा. रेडिओ उचलून कोनाड्यात गेला आणि तिथे मिक्सर बसला. सकाळी आई रेडिओवर भजनं ऐकत भाकरी थापायची ते त्या दिवसापासून बंद झालं. त्याबद्दल तिला कोणी विचारलं नाही. मिक्सरच्या वर भिंतीला आण्णांनी दत्ताची तसबीर टांगली. स्वयंपाकघरातलं काम बाहेरच्या खोलीत आलं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आमचं सगळं दिसायला लागलं. पहिल्याच दिवशी बीट घातलं. झाकण दाबून धरायचं असतं हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. आण्णांनी बटण दाबलं आणि झाकण उडालं. भिंत, दत्त, आण्णांची टोपी, माझा परकर, सगळं लालेलाल. शेजारच्या ठकूमावशी आवाज ऐकून धावत आल्या आणि दारातच छाती धरून उभ्या राहिल्या.

"आगं बया! कोन कापलं?"

"कोन न्हाई," आई म्हणाली. "औषध करत्यात."

"असलं औषध? मग रोग बरा की वो!"

आण्णांना हसू आलं नाही. त्यांनी तसबीर स्वतः पुसली आणि मला म्हणाले, झाकण तू धरायचं. तेव्हापासून माझी नेमणूक झाली. चौथीनंतर मला शाळेतून काढलं होतं, कारण घरात काम होतं. ते काम कोणतं, तर आता हे.

लोकांना वाटतं रस म्हणजे बटण दाबलं की झालं. आण्णांनाही तसंच वाटायचं. "किती सोपं झालं तुमचं," असं ते रोज म्हणायचे. बटण तेवढं ते दाबायचे. त्याआधी गाजरं रानातून आणा, माती धुवा, साल काढा, बोटाएवढे तुकडे करा. सकाळी लाईट असायची तेवढ्या वेळातच सगळं उरकायचं. नदीवरच्या सगळ्या मोटारी त्याच वेळी चालू व्हायच्या, मग मिक्सर कण्हायचा, पातं फिरायचं थांबायचं, आण्णा ओरडायचे, "ढवळ, ढवळ!" आणि मी चालू भांड्यात चमचा घालायची. दोनदा चमचा वाकला. मग तो लगदा आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून पिळायचा. ते पिळणं हेच खरं काम. गाजराला पाणी सोडायची घाई नसते. मनगटं भरून यायची, नखं पिवळी झाली होती. मग फडकं धुवा, भांडं धुवा, पात्याखाली अडकलेलं काडीने काढा, बोट कापून घ्या. तीन पेले रसाला दीड तास. तेवढ्यात दहा माणसांच्या भाकरी होतात.

आई आण्णांना पुढून कधी बोलायची नाही, पण या मिक्सरने तिला तोंड फुटलं.

"आवं, गाजर चावून खाल्लं तर काय पोटात जात न्हाई का?"

"तुला न्हाई कळायचं. ताकद रसात असती. चोथ्यात काय नसतं."

"मग चोथा म्हशीला का घालताय? तिला नको का ताकद?"

आण्णा उठून बाहेर गेले. त्या दिवशी आई दिवसभर खुशीत होती.

आता मी नगरला धाकट्या मुलाकडे असते. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण जिभेला जुनंच वळण आहे. इथे सुनेने नवा ज्यूसर आणलाय. तो आवाज करत नाही, पिळायला लागत नाही, एका बाजूने रस आणि एका बाजूने कोरडा चोथा पडतो. धुवायचे भाग अकरा. मी मोजले आहेत, कारण धुवायला मीच उभी असते. चोथा कचऱ्याच्या गाडीत जातो. म्हैसही नाही खायला. सून मोबाईलवर आलेलं वाचून दाखवते, आई, पालक प्या, आई, कोहळा प्या. मी म्हणते, पालकाची भाजी कर, चार घास जास्त जेवेन. तिला वाटतं म्हातारी हेकट आहे. आहेच.

आमच्याकडे एक रीत होती. ती कोणी शिकवायची नाही, बघूनच यायची. काकडी असो, दुधी असो, दोडका असो, बाई तो चिरायला घेते तेव्हा आधी देठाकडची चकती काढते, तिचा एक कण जिभेवर ठेवते आणि मग पुढचं चिरते. कडू लागलं तर ते फळ उकिरड्यावर. जनावरालाही घालायचं नाही. आईचा हात इतका बसलेला होता की गप्पा मारता मारता ती चाखायची, थुंकायची आणि तिचं वाक्यही तुटायचं नाही. मीही तशीच. यात काही शहाणपणा आहे असं आम्हाला वाटत नव्हतं. चूल पेटवण्याआधी राख काढतात, तसंच हे.

आण्णांनी ती रीत मोडली. रसाचा पहिला पेला ते दत्तापुढे ठेवायचे. ही त्यांची स्वतःची कल्पना, पुस्तकात तसं काही नव्हतं. मी मुद्दाम चाळून पाहिलं होतं. देवापुढे ठेवायचं म्हणजे तो नैवेद्य झाला, आणि नैवेद्याचं आधी चाखलं तर उष्टं होतं. म्हणून चकती जिभेवर ठेवायची नाही. एकदा आईने काकडी चाखली तर अख्खी पाटी त्यांनी परत रानात पाठवली. वर आणखी एक झालं. पावसाळ्यात त्यांनी महिनाभर कारल्याचा रस काढायला लावला. पहिले चार दिवस सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, मग सवय झाली. "कडू त्येच अंगाला लागतं," असं ते म्हणायचे आणि आम्ही ऐकायचो. महिनाभर रोज कडू प्यायल्यावर कडू म्हणजे थुंकून टाकायचं असतं ही गोष्ट माणूस विसरतो. मी विसरले नव्हते, पण माझं कोण विचारतंय.

वहिनी आमच्या घरी येऊन वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं. ती खर्ड्याची, जामखेडकडची. त्यांच्याकडे पाण्याला दोन कोस जायचं, त्यामुळे आमचा पाट बघून ती पहिल्या दिवशी नुसती काठावर बसून राहिली होती. तिच्या बोलण्याला आम्ही हसायचो. "का" म्हणायच्या जागी ती "कामून" म्हणायची. आई तिची नक्कल करायची, "कामून गं, कामून?" आणि वहिनीही हसायची. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, साखर कारखान्यात कामाला होता, पाळी असेल तसा घरी यायचा, म्हणून ती दिवसभर माझ्याबरोबर. तिला भूक फार. दिवस राहिल्यावर तर विचारू नका. नर्सबाईने रक्त कमी आहे असं सांगितलं आणि आण्णांना तेवढंच हवं होतं. "रक्ताला रसाइतकं दुसरं काय न्हाई. उद्यापासनं सूनबाईला एक पेला." वहिनी डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "व्हय मामा." ती त्यांना दुसरं काही म्हणतच नसे. तिच्या बापाने लग्नात तिला सांगितलं होतं, सासऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. रस प्यायची, पेला विसळायची आणि मग गोठ्यामागे माझ्याबरोबर बसून शिळी भाकरी नि शेंगदाण्याची चटणी हाणायची.

"वन्सं, तुमच्याकडं समद्याचाच रस काढून पेत्यात का?"

"न्हाई. आमच्याच घरात पेत्यात."

"मग बरं. मला वाटलं गावाचीच रीत हाय. म्हनलं, कुठं येऊन पडले."

तो दुधी आम्ही लावलेला नव्हता. उकिरड्याच्या कडेला वेल आपोआप उगवला आणि गोठ्याच्या पत्र्यावर चढला. कोणाचं बी, कुठून आलं, देव जाणे. उन्हाळा, पत्रा तापलेला, वेलाला कोणी पाणी घातलं नव्हतं. त्याला दोन दुधी लागले, अंगाने छान, हिरवेगार. रानात भाजी कमी होती म्हणून आण्णांनी सकाळी त्यातला एक तोडून माझ्यापुढे ठेवला. "आज दुधी. थंड असतो." आई गोठ्यात धार काढत होती. मी साल काढलं, देठाकडची चकती काढली आणि हात सवयीने तोंडाकडे गेला. मी चाखायचं असं ठरवलं नव्हतं. कण जिभेवर पडला आणि जबडा आखडला. कारलं कडू असतं, कडुलिंब कडू असतो, पण ते कडूपण जिभेवर थांबतं. हे घशात उतरलं आणि कानामागे गेलं. मी थुंकले.

"आण्णा, ह्यो दुधी कडू हाय."

आण्णा प्लग लावत होते. वळले आणि पहिलं काय विचारलं? "चाखलीस?"

"कडूजहर हाय. दुसरं कायतरी करू."

"देवाचं उष्टं केलंस! किती येळा सांगितलं? घोडी झाली, अक्कल आली न्हाई."

"आवं पन कडू—"

"कडू हाय तर चांगलंच हाय. साखरंला कडूच मारतंय. कारलं पेलीस तवा मेलीस का?"

मला हात धुऊन यायला लावलं. चाखलेली चकती त्यांनी खिडकीतून बाहेर टाकली आणि उरलेल्या दुधीवर पाण्याचा हात फिरवला. झालं शुद्ध. मी तुकडे केले, झाकण धरलं, पिळलं. मला फार राग आला होता. घोडी म्हटल्याचा नव्हे, ते मी रोज ऐकायची. मी खरं सांगत होते आणि माझ्याशी भलत्याच गोष्टीवर भांडण चाललं होतं, याचा राग. आणि त्या रागात मनात आलं ते इथे लिहिते, कारण बाकीचं लिहून हे गाळायचं असेल तर लिहूच नये. मनात आलं, प्या मग.

चार पेले भरले. एक दत्तापुढे, एक आण्णांचा, एक वहिनीचा, एक माझा. आण्णांनी हात जोडले आणि आपला पेला उचलला. वहिनीने एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. डोळे मोठे करून, असं की, वन्सं, हे काय? मी मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी मिक्सरची वायर गुंडाळत बसले. "नाक धरायचं न्हाई," आण्णा तिला म्हणाले. "घोट घोट. पोराला लागतंय." तिने डोळे मिटून पेला संपवला. मी "आत पिते" म्हणून उठले आणि माझा पेला मोरीत ओतला. बाहेर आले तेव्हा आण्णा दत्तापुढचा पेलाही पीत होते. प्रसाद वाया घालवायचा नाही. एवढ्यात आई चोथ्याची पाटी घेऊन गोठ्यातून आली. मीच ती नेहमीसारखी बाहेर ठेवली होती, आणि तिने म्हशीपुढे सरकवली होती.

"म्हैस तोंड लावंना," आई म्हणाली. "हुंगून मान फिरीवली तिनं. काय घातलंय ह्यात?"

दोन्ही म्हशींनी चोथा खाल्ला नाही. आमच्या घरात त्या दिवशी अक्कल होती ती गोठ्यात.

अर्ध्या तासात वहिनीचं पोट दुखायला लागलं, मग आण्णांचं. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे. लाल दिसल्यावर ठकूमावशींचा मुलगा कांद्याचा टेम्पो घेऊन आला. गोण्या तशाच ठेवून दोघांना त्यांच्यावर निजवलं आणि तालुक्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेत आण्णा आईला म्हणत होते की शरीरातली घाण बाहेर पडतेय, पुस्तकात लिहिलंय, आधी असं होतं. त्यांच्या पायांत गोळे आले होते आणि तरी सांगत होते. आई त्यांच्या पायावर हात चोळत नुसती "व्हय, व्हय" करत होती.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं काय खाल्लं. आण्णा म्हणाले, "काय न्हाई. रस घेतला. शुद्ध." डॉक्टरचा विश्वास बसला नाही, आणि का बसावा? रसाने कोणी रक्त ओकतं का? घरात एकाच वेळी सून आणि सासरा आडवे झाले म्हटल्यावर जो-तो फवारणीच्या औषधाचं विचारायला लागला. नर्सने दोघांच्या तोंडाचा वास घेतला. एक पोलीस वही घेऊन आला आणि बाकावर बसला. गावातली चार माणसं टेम्पोमागून आली होतीच. त्यांच्यातला एक हळू आवाजात म्हणाला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच हळू, "जामखेडकडची हाय. करमत नसंल. सासऱ्याला पाजून सोता पेली असंल." दुपारपर्यंत दादा कारखान्यातून आला. तो बापाजवळ गेला, मग बायकोच्या खाटेशी गेला. मला वाटलं तिची विचारपूस करेल. त्याने विचारलं, "खरं सांग. काय मिसळलंस?" वहिनीच्या हाताला सलाईन लावलं होतं. तिला बोलता येत नव्हतं. तिने उशीवर नुसती मान इकडून तिकडे हलवली.

मी आईला बाजूला घेतलं. "आई, दुधी कडू हुता. मी चाखला हुता. आण्णास्नी सांगितलं हुतं." आईने माझ्याकडे पाहिलं. तिला एका क्षणात सगळं कळलं, म्हैस आणि चोथा आणि सगळं. आणि ती म्हणाली, "गप बस. बाप मराया टेकलाय, त्याच्या नावानं बोभाटा करू नको."

"मग वहिनीच्या नावानं चाललंय त्ये?"

"तिचं बघू मागनं."

मागून कधी? पोलिसाने वहीत नाव लिहून घेतल्यावर? मी आईचं ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. ठकूमावशींचा मुलगा टेम्पोतला कांदा उतरवायला गावाकडे निघाला होता, त्याच्या शेजारी जाऊन बसले. घरी जाऊन पत्र्यावर चढले. तापलेला पत्रा, तळपायाला फोड आले. दुसरा दुधी तोडला, विळीवर मधोमध कापला, फडक्यात बांधला आणि त्याच टेम्पोने परत. दवाखान्यात डॉक्टर खोलीत बसले होते, दादा आणि पोलीस समोर. मी फडकं टेबलावर सोडलं.

"हे काय आहे?" डॉक्टर म्हणाले.

"ह्याच वेलाचा दुधी. ह्याचाच रस पेलेत दोघं. चाखा."

"मुली, इथे गर्दी करू नको."

"गिळू नका. नुसता जिभेला लावा आन थुका."

डॉक्टर तरुण होते. माझ्याकडे पाहिलं, मग नखाएवढा तुकडा काढून जिभेला लावला आणि उठून बेसिनकडे पळाले. तीनदा चूळ भरली. परत आले तेव्हा चेहरा बदलला होता. म्हणाले, दुधी कडू निघाला तर त्याचा रस विषासारखा असतो, आतडी सोलून काढतो, हे ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. भाजी केली असती तर एका घासात कोणीही ताट सरकवलं असतं. रस असल्यामुळे घटाघटा पोटात गेला. मग त्यांनी पोलिसाकडे पाहून वही मिटायची खूण केली. पोलिसाने मिटली नाही. त्याने मला विचारलं, "कडू आहे हे घरात कोणाला माहीत होतं?"

"मला," मी म्हणाले. "मी आण्णास्नी सांगितलं. त्यांनी ऐकलं न्हाई. मंग मी वहिनीला सांगितलंच न्हाई. तिला कायबी ठाऊक नव्हतं."

दादाने मला मारायला हात उचलला आणि खाली घेतला. दार उघडंच होतं, बाहेरच्या वऱ्हांड्यात आण्णांची खाट. ते जागे होते, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. पोलीस त्यांच्याजवळ गेला. "आण्णा, पोरगी म्हणते ते खरं का?" आण्णांनी डोळे उघडले. आवाज अगदी बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"खरं हाय. तिनं चाखला. देवाचं उष्टं केलं तिनं. म्हनून बाधलं."

हे त्यांचं माझ्याबद्दलचं शेवटचं बोलणं. सून सुटली, कारण पोलिसाने तेवढंच लिहून घेतलं की सुनेला माहीत नव्हतं. आणि मी अडकले. गावात अर्ध्या लोकांनी आण्णांचं म्हणणं धरलं. माझ्या लग्नाच्या वेळी एका ठिकाणाहून निरोप आला होता, नैवेद्य उष्टा करणारी मुलगी नको. आता मी सत्तरीकडे चालले आहे आणि अजूनही भांडी धुताना कधी कधी मनातल्या मनात आण्णांना उत्तर देते. आवं, तुमी दोन पेले पेला. म्हशीनं तोंड तरी लावलं का? पण मेलेल्या माणसाशी भांडण म्हणजे पाण्यात काठी मारायची. ते पुस्तक आईने कपाटात जपून ठेवलं. मिक्सरवर तिने पुढे बारा वर्षं चटण्या वाटल्या आणि मला म्हणायची, बरा हाय, चांगलं काम देतो. माझ्या आईला काय म्हणायचं ते मला कधीच कळलं नाही.

वहिनी अकरा दिवस दवाखान्यात होती. मी तिच्यापाशी राहिले, बेडपॅन धरले, भाताची पेज पाजली. ती मला काही विचारत नव्हती आणि मी काही सांगत नव्हते. घरी आल्यावर एकदा गोठ्यामागे बसलो असताना तीच म्हणाली, "वन्सं, तुमी खुनावलं असतं तरी मी पेलेच असते. मामा समोर बसले हुते." हे खरं की मला बरं वाटावं म्हणून, ते मी विचारलं नाही. विचारून काय उपयोग? मी खुणावलं नव्हतं.

आण्णा तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. वहिनी वाचली. तिच्या पोटातली मुलगी वाचली, पूर्ण दिवसांची झाली, आता सुप्याला कारखान्यात सुपरवायझर आहे आणि तिलाही नात आहे. मला वाचलेल्यांत धरू नये. मी तो रस प्यायलेच नव्हते.